स्वमग्न तरुण आणि आत्महत्या-प्रतिबंध : एका न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास

शब्दांचा इतिहास आणि संस्थांचा इतिहास हे सामान्यतः दोन स्वतंत्र अभ्यासविषय मानले जातात. तथापि काही विषयांच्या बाबतीत एकाचा उलगडा दुसऱ्यावाचून होत नाही. स्वमग्न तरुणांमधील आत्महत्येचा धोका आणि त्याच्या निवारणासाठी अलीकडे उभे राहू लागलेले साहाय्य हा अशा विषयांपैकी एक होय. लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे सुप्रसिद्ध वर्णन केले १९४३ साली. आणि निदान झालेल्या स्वमग्न प्रौढांना आत्महत्येच्या विचारांविषयी विचारून त्यांची उत्तरे मोठ्या प्रमाणावर प्रसिद्ध झाली २०१४ साली. मधल्या सत्तर वर्षांत हा प्रश्न विचारला का गेला नाही, आणि विचारला गेल्यानंतर काय निष्पन्न झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. रोगनिदान व औषधोपचार हा भाषाभ्यासकाचा प्रांत नव्हे. मात्र प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला जातो आणि ऐकणाऱ्यास तो कसा पोचतो, हे पाहणे त्याच्या अधिकारात बसते; आणि या इतिहासाची गुरुकिल्ली तेथेच आहे असे दिसते.

१

प्रारंभी संज्ञांचा विचार करू. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ग्रीक 'आउटोस्' म्हणजे 'स्वतः' या शब्दावरून घडविला आणि १९११ च्या आपल्या ग्रंथात स्किझोफ्रेनियाचे एक लक्षण म्हणून रूढ केला. बाह्य जगाकडे पाठ फिरवून अंतर्गत कल्पनाविश्वात रमणे, हा त्याचा मूळ अर्थ. 'सुइसाइड' हा शब्द सतराव्या शतकात लॅटिन 'सुई' म्हणजे 'स्वतःचा' आणि हननवाचक धातू यांच्या संयोगाने रूढ झाला. हा लॅटिन 'सुई' आणि 'स्वमग्न' शब्दातील संस्कृत 'स्व' ही एकाच मूळ आर्य-युरोपीय रूपाची अपत्ये आहेत. एवंच, ज्या दोन विषयांचा येथे विचार करावयाचा आहे, त्या दोहोंच्या नावांत 'स्व' हाच घटक बसलेला आहे.

मराठीतही हीच स्थिती आहे. 'आत्महत्या' या समासात 'आत्मन्' हे पद केवळ स्ववाचक आहे. परंतु 'हत्या' हे उत्तरपद ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या या पातकांच्या मालिकेतून आलेले असल्यामुळे मरणारा मनुष्य एकाच वेळी वध्य आणि अपराधी ठरतो. लोकभाषेतील 'जीव देणे' या प्रयोगात हा दोषारोप नाही. 'स्वमग्न' या शब्दाची गोष्ट याहून वेगळी आहे. 'मग्न' म्हणजे बुडालेला. आणि मराठीत मनुष्य भजनात, ध्यानात किंवा कामात मग्न होतो. म्हणजे या शब्दाला तृप्तीची छटा आहे. जो आपल्यातच मग्न आहे, तो सुखीच असला पाहिजे, असा समज हा शब्द नकळत करून देतो.

दोन्ही भाषांतील या नावांनी एक गोष्ट समान केली. त्यांनी दुःखाचे मूळ आणि त्याची सीमा ही दोन्ही व्यक्तीच्या 'स्व'मध्ये कोंडून टाकली. पुढील सर्व इतिहास म्हणजे हे कुंपण हळूहळू मोडण्याचा इतिहास होय.

२

कॅनर यांच्यापूर्वी १९२५ साली मॉस्को येथे ग्रून्या सुखारेवा यांनी सहा मुलांचे अतिशय बारकाईने वर्णन केले होते. पण ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधात ११ मुले होती, ८ मुलगे व ३ मुली. १९४४ मध्ये व्हिएन्ना येथे हान्स आस्पेर्गर यांनी अशाच स्वरूपाच्या मुलग्यांविषयी लिहिले. आस्पेर्गर यांनी काही मुलांना 'आम् श्पीगेलग्रुंड' या संस्थेकडे पाठविले होते, हे हेर्विग चेक यांनी २०१८ मध्ये कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले आहे. नाझी राजवटीत त्या संस्थेत सुमारे ८०० मुले मृत्यू पावली. कोणाचे जीवन जगण्यायोग्य आहे हे परस्पर ठरविले जात होते, त्याच शहरात आणि त्याच काळात या अवस्थेचे एक मूलभूत वर्णन लिहिले गेले, ही बाब इतिहासकारास नजरेआड करता येणार नाही.

यानंतर या शब्दाच्या अर्थात विलक्षण उलट झाली. ब्लॉयलर यांच्या लेखी कल्पनाविश्वाचा अतिरेक म्हणजे ऑटिझम. १९६० नंतरच्या ब्रिटिश संशोधनात मात्र कल्पनाशक्तीचा अभाव हे त्याचे लक्षण ठरले. अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकास हे उदाहरण उद्बोधक वाटेल. परंतु अर्थ उलटला तरी त्याखालील गृहीतक कायम राहिले : हा मनुष्य आत बंद आहे आणि त्याच्यापर्यंत आपला शब्द पोचत नाही. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली या विषयावरील आपल्या ग्रंथाला 'रिकामा किल्ला' अशा अर्थाचे नाव दिले. ज्या किल्ल्यात कोणी राहतच नाही, त्याच्या दारावर थाप मारून आतल्याची खुशाली कोण विचारणार?

या विचारसरणीने मातापित्यांच्या कथित थंडपणाला दोष दिला. तिच्याविरुद्ध अमेरिकेत बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली ग्रंथ लिहिला. लंडन येथे १९६२ साली पालकांनी स्वतःची संस्था काढली होतीच. तीत मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या लॉर्ना विंग या एक माता म्हणून अग्रभागी होत्या. याच विंगबाईंनी १९८१ मध्ये आस्पेर्गर यांचे काम इंग्रजी वाचकांपुढे आणले. त्यांच्या त्या निबंधात प्रौढ वयात आलेले नैराश्य आणि काहींच्या बाबतीत आत्महत्येचा प्रयत्न यांची नोंद आहे. म्हणजे वस्तुस्थिती १९८१ पासून छापील स्वरूपात समोर होती. तरीही तिचा पाठपुरावा पुढील तीन दशके फारसा झाला नाही.

याची कारणे शोधू गेल्यास नामकरणाचा परिणाम पुन्हा दिसतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९८० च्या अधिकृत वर्गीकरणात या अवस्थेचे नाव 'शैशवातील ऑटिझम' असे होते. नावातच शैशव असल्यामुळे तारुण्य दृष्टिआड राहिले. अभ्यास मुलांचा होई, माहिती पालकांकडून घेतली जाई, आणि मूल मोठे झाले की ते संशोधनाच्या व सेवांच्याही कक्षेबाहेर जाई. नेमक्या त्याच वयात, म्हणजे शाळा सुटून पुढचे काही ठरलेले नसते त्या वर्षांत, धोका वाढत होता.

३

दुसऱ्या बाजूस आत्महत्या-प्रतिबंधाचा इतिहास स्वतंत्रपणे चालू होता. १८९७ साली एमील दुर्खीम यांनी आत्महत्या ही समाजाशी असलेल्या बंधांच्या शैथिल्याशी निगडित आहे, हे आकडेवारीनिशी मांडले. 'स्व'च्या कुंपणाला पडलेले हे पहिले मोठे भगदाड होय. प्रत्यक्ष साहाय्याचा आरंभ पुष्कळ उशिरा झाला. १९५३ साली लंडनमधील एका चर्चमध्ये चॅड वारा या धर्मोपदेशकाने टेलिफोनवरून संकटग्रस्तांचे बोलणे ऐकून घेण्याचा उपक्रम सुरू केला. त्यातूनच 'समॅरिटन्स' ही संस्था निर्माण झाली. १९५८ साली लॉस अँजेलिस येथे एडविन श्नाइडमन, नॉर्मन फारबेरो व त्यांचे सहकारी यांनी प्रतिबंध-केंद्र स्थापन केले. इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा १९६१ पर्यंत गुन्हा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे वारा यांच्या उपक्रमाचे मोल कळते.

या चळवळीने असंख्य लोकांना आधार दिला, यात संशय नाही. परंतु तिची साधने पाहिली तर ती काही गृहीतकांवर उभी असल्याचे आढळते. संकटातील मनुष्याला आपली भावना ओळखता येते. तिला शब्द देता येतात. ते शब्द तो अपरिचित आवाजाशी, तत्काळ, टेलिफोनवर बोलू शकतो. आणि ऐकणारा त्याच्या स्वरावरून त्याच्या दुःखाची खोली अजमावतो. स्वमग्न तरुणाच्या बाबतीत यांपैकी प्रत्येक गृहीतक डळमळीत ठरते. जे साधन सर्वांसाठी म्हणून तयार झाले, त्याची रचनाच काहींना बाहेर ठेवणारी होती.

४

हे दोन प्रवाह एकत्र आले ते २०१३ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत सुसान मेझ व सहकाऱ्यांनी ७९१ स्वमग्न मुलांच्या मातांकडून मिळालेली माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १४ टक्के मुलांच्या बाबतीत आत्महत्येचा विचार वा प्रयत्न कधीमधी ते वारंवार आढळत असल्याचे मातांनी सांगितले. इतर सामान्य मुलांत हे प्रमाण ०.५ टक्के होते. येथेही उत्तर देणाऱ्या माता होत्या, मुले नव्हेत. २०१४ मध्ये सारा कॅसिडी व सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील एका निदान-केंद्रात आलेल्या ३७४ प्रौढांची स्वतःची उत्तरे मांडली. उत्तर देणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांच्या मनात आयुष्यात केव्हा ना केव्हा आत्महत्येचे विचार आले होते, तर ३५ टक्के लोकांनी तशी योजना वा प्रयत्न केला होता. हे सर्व लोक प्रौढ वयात निदानासाठी आलेले होते. म्हणून हे आकडे सरसकट सर्व स्वमग्न व्यक्तींना लावता येणार नाहीत. परंतु २०१६ मध्ये स्वीडनमधील हिरविकोस्की व सहकाऱ्यांनी राष्ट्रीय नोंदवह्यांच्या आधारे २७,१२२ स्वमग्न व्यक्तींची तुलना सुमारे २७ लाख इतर नागरिकांशी केली, तेव्हा आत्महत्येने मृत्यू येण्याची शक्यता स्वमग्न गटात सुमारे साडेसातपट असल्याचे दिसले. आता हा प्रश्न टाळणे कोणास शक्य राहिले नाही.

कारणांचा शोध अधिक महत्त्वाचा आहे. कॅसिडी यांच्या २०१८ च्या अभ्यासात दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. एक, आवश्यक तो आधार न मिळणे. आणि दुसरी, आपले स्वमग्नपण सतत लपवून इतरांसारखे वागण्याचा आटापिटा. मेझ यांच्या अभ्यासातही नैराश्याबरोबर इतरांकडून चिडवले जाणे हा घटक आढळला होता. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले होते की, संवादातील अडचण ही एका बाजूची नसून दुहेरी असते : स्वमग्न मनुष्याला इतर जितके कळत नाहीत, तितकाच तोही इतरांना कळत नाही. दुर्खीम यांनी आत्महत्येविषयी जे केले, तेच मिल्टन यांनी स्वमग्नतेविषयी केले. दोघांनीही अडचणीचे स्थान व्यक्तीच्या आतून काढून व्यक्तींच्या मधल्या जागेत नेले.

या दृष्टीने पाहता, आत्महत्येचा धोका हा स्वमग्नतेचा अंगभूत धर्म ठरत नाही. रोज कोणा दुसऱ्याची भाषा बोलावी लागणे आणि आपली भाषा कोणास न समजणे, याचा तो परिणाम असण्याचा संभव अधिक आहे. यातच प्रतिबंधाची आशाही आहे. कारण स्वभाव बदलता येत नाही, व्यवहार बदलता येतो.

५

व्यवहार बदलण्याचा पहिला प्रयत्न प्रश्नावलीपासून झाला. पीटर सिफ्नीओस यांनी १९७३ मध्ये 'अलेक्सिथायमिया' ही संज्ञा ग्रीक घटकांतून घडविली. भावनेसाठी शब्द नसणे, असा तिचा वाच्यार्थ. ही स्थिती सुमारे निम्म्या स्वमग्न व्यक्तींत आढळते, तर इतरांत सुमारे ५ टक्के, असे २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसून आले. अशा तरुणाला 'तुला कसे वाटते?' असे विचारल्यास तो 'ठीक' म्हणेल. आणि ते उत्तर ना खोटे असेल ना खरे. कॅसिडी व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखविले की, आत्महत्येच्या धोक्याविषयीची एक प्रचलित प्रश्नावली स्वमग्न आणि इतर व्यक्तींत एकच गोष्ट मोजत नाही. पुढील वर्षी स्वमग्न प्रौढांच्या सहभागाने सिद्ध केलेली सुधारित प्रश्नावली प्रसिद्ध झाली. ज्यांना प्रश्न विचारावयाचा, त्यांनाच प्रश्नाची भाषा ठरविताना बरोबर घेणे, हे या कामाचे खरे वैशिष्ट्य होय.

दुसरा प्रयत्न सुरक्षा-आराखड्याचा. बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राउन यांनी अमेरिकेत एक साधा लेखी आराखडा विकसित केला होता : धोक्याची पूर्वचिन्हे कोणती, स्वतःस शांत करण्याचे उपाय कोणते, कोणाकडे जावे, कोणास कळवावे, आणि परिसर सुरक्षित कसा ठेवावा. न्यूकॅसल आणि नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी स्वमग्न व्यक्तींना बरोबर घेऊन त्याचे अनुकूलन केले. अशा आराखड्यात त्या व्यक्तीचे स्वतःचे शब्द राहतात, चित्रेही चालतात. संकटात बोलणे बंद होत असेल तर इतरांनी तिच्याशी कसा संपर्क साधावा हे लिहिलेले असते. आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांपैकी काय सहन होत नाही व कशाने शांत वाटते, याचीही नोंद असते. मनुष्य बोलू शकतो त्या घटकेला लिहून ठेवलेला शब्द, तो बोलू शकत नाही त्या घटकेला उपयोगी पडावा, हे यामागील तत्त्व आहे.

टेलिफोनविषयीही फेरविचार झाला. २०२१ मध्ये हॉवर्ड व सेजविक यांनी स्वमग्न प्रौढांना संपर्काच्या साधनांविषयी विचारले, तेव्हा सेवांशी संपर्क साधताना टेलिफोन हे सर्वांत नकोसे साधन असून लेखी संपर्क अधिक सोयीचा वाटतो, असे आढळले. तरुणांच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या : लॉरा क्रेन व सहकाऱ्यांच्या २०१९ च्या इंग्लंडमधील अभ्यासात १६ ते २६ वर्षे वयाच्या स्वमग्न तरुणांनी आपले दुःख ओळखण्याची अडचण, लोकलज्जा आणि मदत मिळविताना येणारे अडथळे यांचा उल्लेख केला. अखेरीस सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या आत्महत्या-प्रतिबंध धोरणात स्वमग्न व्यक्तींचा अग्रक्रमाच्या गटांत स्पष्ट समावेश झाला. विंगबाईंच्या नोंदीनंतर बेचाळीस वर्षांनी!

६

आता या इतिहासाचा आपल्याशी असलेला संबंध पाहू. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानणारा इंग्रजी विचार १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ मधून येथे आला. इंग्लंडने तो १९६१ मध्ये सोडला. येथे तो टिकून राहिला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'मारुती श्रीपती डुबल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात, अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या एका पोलीस शिपायाच्या बाबतीत, हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला. परंतु १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो फिरविला. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावयास सांगितले आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरविली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत जुने कलम उरले नाही; सार्वजनिक सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा दंडनीय राहिला. स्वमग्नतेलाही कायद्यात हळूहळूच स्थान मिळाले : १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात तिचा निर्देश नव्हता, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो पक्का केला.

कायदा बदलला, बोलण्याची रीत मात्र कायद्याने बदलत नाही. मराठीत या विषयाची विचारपूस बहुधा आडवळणाने होते. 'जिवाचं काही बरंवाईट करणार नाहीस ना?' या प्रश्नात तीन अडचणी एकवटल्या आहेत. 'बरंवाईट' हा सौम्योक्तीचा शब्द शब्दशः घेणाऱ्यास त्यात 'बरे' आणि 'वाईट' दोन्ही ऐकू येतात. क्रियापद नकारार्थी आहे. आणि अखेरचा 'ना' अपेक्षित उत्तर अगोदरच सांगून टाकतो. 'असलं वेडंवाकडं मनात आणू नकोस' हे वाक्य तर प्रश्नच नव्हे. ती आज्ञा आहे. शिवाय मराठीत 'जीव टाकणे' म्हणजे अतिशय माया करणे, 'जीव खाणे' म्हणजे त्रास देणे आणि 'जीव देणे' म्हणजे मरण पत्करणे. संकेतार्थ पटकन न उमगणाऱ्या मुलाला या वाक्प्रचारांच्या रानातून वाट काढावी लागते.

व्याकरणाचाही येथे संबंध येतो. 'मरणाचा विचार करतोस का?' या प्रश्नात ऐकणारा कर्ता आहे. 'मरणाचे विचार मनात येतात का?' यात विचार हे कर्ते आहेत. ज्याच्या मनात ते विचार न बोलावता येतात, तो काटेकोर मुलगा पहिल्या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' असेच सांगेल. विचार येणे आणि बेत ठरविणे हा भेद चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचा असून मराठी वाक्यरचनेत तो आपोआप व्यक्त होतो. तेव्हा 'मरून जावे असे विचार तुझ्या मनात येतात का? या आठवड्यात किती दिवस आले? तू काही ठरविले आहेस का?' असे सुटे, सरळ, कालमर्यादा असलेले प्रश्न अधिक उपयुक्त ठरावेत. उत्तर लिहून देण्याची मुभा असावी आणि त्यासाठी वेळ द्यावा. इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी रूपांतर करताना केवळ शब्दकोशावर न विसंबता, स्वमग्न मराठी तरुणांना तो प्रश्न कसा समजला हे त्यांच्याकडूनच तपासून घेतले पाहिजे. मराठी विभागांनी हाती घ्यावे असे हे काम आहे.

सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजेल, अशी भीती अनेकांस वाटते. मॅडलिन गूल्ड व सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातील सहा माध्यमिक शाळांतील २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, असे प्रश्न विचारल्याने विद्यार्थ्यांची व्यथा वा आत्महत्येचे विचार वाढत नाहीत असे दिसून आले. ही भीती सोडून द्यावयास हरकत नाही.

विद्यापीठांतील वर्गांत स्वमग्न विद्यार्थी आहेत. काहींचे निदान झालेले आहे, काहींचे झालेले नाही. आवडत्या विषयावरून अकस्मात मन उडणे, झोप वा जेवण यांची घडी मोडणे, असलेले बोलणेही कमी होणे, ही चिन्हे चेहऱ्यावरील भावांपेक्षा अधिक विश्वसनीय मानावीत. अशा वेळी शिक्षकाने सरळ शब्दांत विचारावे, बोलणे जड जात असेल तर कागद पुढे करावा, आणि विद्यार्थ्याला एकटे न सोडता जाणकाराकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे; ज्या विद्यार्थ्याला टेलिफोन जमत नाही, त्याच्या वतीने आणि त्याच्या संमतीने तो दुसऱ्यास लावता येतो.

सारांश, 'आत्महत्या' आणि 'स्वमग्नता' या दोन्ही शब्दांनी जे 'स्व'मध्ये कोंडले होते, ते संशोधनाने माणसांमाणसांतील व्यवहारात आणून ठेवले आहे. सत्तर वर्षे उत्तर मिळाले नाही, याचे कारण स्वमग्न माणसे मुकी होती हे नव्हे. त्यांना समजेल अशा भाषेत प्रश्न विचारला गेला नव्हता, हे होय. मराठीत तो प्रश्न नीट घडविण्याचे काम अद्याप आपल्या हातात आहे.